गेटिसबर्गचा मनोरा : दृश्य कोणाच्या मालकीचे?

मागच्या भागात आपण लंडनच्या वेम्बलीतला सर एडवर्ड वॉटकिन यांचा मनोरा पाहिला. आयफेल टॉवरच्या वर जायचे म्हणून सुरू झालेले ते काम पहिल्या टप्प्यावरच अडले, लोक फिरकले नाहीत, पैसा आटला आणि १९०७ पर्यंत त्याचे लोखंड सुरुंग लावून उतरवले गेले. ते पाडकाम समजायला अवघड नव्हते. गिऱ्हाईक नव्हते, म्हणून मनोरा गेला. आजचा मनोरा वेगळा आहे. तो पुरा बांधून झाला, सव्वीस वर्षे उभा होता आणि तिकीट काढून लोक वर जातही होते. तरीही सरकारने तो सक्तीने ताब्यात घेतला आणि भर उन्हाळ्यात हजारो लोकांच्या देखत पाडला.

अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात गेटिसबर्ग नावाचे छोटे शहर आहे. १ ते ३ जुलै १८६३ या तीन दिवसांत यादवी युद्धातली सर्वात रक्तरंजित लढाई इथे झाली. जॉर्ज मीड यांची उत्तरेची फौज आणि रॉबर्ट ली यांची दक्षिणेची फौज मिळून सुमारे ५१,००० माणसे मेली, जखमी झाली, पकडली गेली किंवा बेपत्ता झाली. चार महिन्यांनी, १९ नोव्हेंबरला, तिथल्या सैनिकांच्या दफनभूमीच्या अर्पण समारंभात अब्राहम लिंकन यांनी दोन-तीन मिनिटांचे भाषण केले. अमेरिकन लोकशाहीची ओळख सांगताना आजही त्याच भाषणाचा दाखला दिला जातो. १८९५ मध्ये रणभूमीला राष्ट्रीय लष्करी उद्यानाचा दर्जा मिळाला आणि १९३३ मध्ये तिचा कारभार राष्ट्रीय उद्यान सेवेकडे गेला.

या रणभूमीवर मनोरे आधीपासूनच होते, हे इथेच सांगायला हवे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युद्ध खात्याने लष्करी अधिकाऱ्यांना लढाईचा अभ्यास करता यावा म्हणून लोखंडी निरीक्षण मनोरे उभारले होते. त्यांपैकी तीन आजही आहेत. त्यांच्या पायऱ्या फुकट चढता येतात आणि थोडे दूर गेले की ते झाडीत हरवून जातात. त्यामुळे पुढे जो वाद पेटला तो ‘उंचावरून बघावे की नाही’ असा कधीच नव्हता.

१९७० च्या सुमारास थॉमस ओटेनस्टाइन या मेरीलँडच्या उद्योजकाने उद्यानाला लागून असलेल्या खासगी जमिनीवर एक भव्य मनोरा बांधायचे ठरवले. लढाईची शताब्दी नुकतीच झाली होती आणि पर्यटकांचा ओघ मोठा होता. लढाई कित्येक चौरस किलोमीटरवर पसरलेली, ती जमिनीवरून कळत नाही. वर नेले तर सारा पट एका नजरेत मांडता येईल, असे त्यांचे म्हणणे होते. मनोऱ्याची जाहिरातही आकाशातला वर्ग अशीच होई. हा युक्तिवाद पोकळ नव्हता. नकाशा हातात घेऊन त्या शेतांतून हिंडणाऱ्याला कोणती टेकडी कुठली हे चटकन उमगत नाही, हे खरेच आहे.

मनोऱ्याची रचनाही कुतूहलाची होती. उंची ३०७ फूट, मधोमध बारीक झालेली कंबर, वर प्रेक्षकांसाठी मजले. या आकाराला हायपरबोलॉइड म्हणतात. खराट्याच्या काड्यांची जुडी दोन्ही हातांत धरून उलटसुलट पीळ दिला, की प्रत्येक काडी सरळच राहते, पण जुडीला मधोमध कंबर येते. तेच तत्त्व इथे पोलादात उतरले होते. सरळ पट्ट्या वापरून वक्र आकार मिळतो, शिवाय कमी पोलादात वाऱ्याला तोंड देणारी बळकटी येते. रशियन अभियंते व्लादिमीर शुखोव यांनी १८९६ मध्ये निझनी नोवगोरोदच्या प्रदर्शनात असा पहिला मनोरा उभा केला होता. जपानमधल्या कोबे बंदराचा १९६३ चा मनोरा याच घराण्यातला. बंदरात तो आकार शोभतो. दगडी स्मारके, लाकडी कुंपणे आणि शेते यांच्या मधोमध, दफनभूमीपासून हाकेच्या अंतरावर, तो कसा दिसला असेल याची कल्पना करता येते.

विरोध लगेच सुरू झाला. इतिहासकार, जतनाचे कार्यकर्ते, वृत्तपत्रे आणि राज्याचे गव्हर्नर मिल्टन शॅप असे सगळे विरोधात उभे राहिले. उद्यान सेवेचाही सुरुवातीला कडवा विरोध होता. पण जमीन खासगी होती आणि इमारतीच्या उंचीवर बंधन घालणारे झोनिंग त्या भागात नव्हते. उद्यान सेवेचे संचालक जॉर्ज हार्टझॉग यांनी मग वेगळी वाट धरली. २ जुलै १९७१ रोजी त्यांनी ओटेनस्टाइन यांच्याशी करार केला. मनोरा आधी ठरलेल्या जागेऐवजी दुसऱ्या जागी हलवायचा. त्या बदल्यात नव्या जागेपर्यंत पोचण्यासाठी उद्यानाच्या जमिनीतून वाट मिळायची आणि कंपनीने उत्पन्नातला काही वाटा सत्कार्यासाठी द्यायचा.

माझ्या मते या कथेतला निर्णायक दिवस तोच. हार्टझॉग यांचा हिशेब समजतो. मनोरा थांबवता येत नसेल तर निदान कमी वाईट जागी जावा, असा तो होता. पण ज्या खात्याकडे रणभूमीची राखण होती, त्यानेच रस्ता दिला म्हटल्यावर विरोधकांच्या हातातले सर्वात मोठे शस्त्र गळून पडले. पुढे न्यायालयात राज्य सरकार सांगत होते की या मनोऱ्याने ऐतिहासिक परिसराचे नुकसान होईल; आणि समोर संघराज्याच्या राखणदाराची सही असलेला कागद होता. अशा वेळी न्यायाधीशाने कोणाचे ऐकावे?

खटल्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण मनोरा पडून इतकी वर्षे झाली तरी तिचे परिणाम चालू आहेत. करार होण्याच्या दीड महिना आधी, १८ मे १९७१ रोजी, पेन्सिल्व्हेनियाच्या मतदारांनी प्रचंड बहुमताने आपल्या राज्यघटनेत एक नवे कलम घातले होते. पहिल्या प्रकरणाचे सत्ताविसावे कलम. ते म्हणते की स्वच्छ हवा आणि शुद्ध पाणी हा लोकांचा हक्क आहे; तसेच परिसराची नैसर्गिक, निसर्गदृश्यात्मक, ऐतिहासिक आणि सौंदर्यविषयक मूल्ये जपली जाणे हाही हक्क आहे. पुढे ते म्हणते की राज्याची सार्वजनिक नैसर्गिक संपत्ती सर्व लोकांच्या, अजून न जन्मलेल्या पिढ्यांच्याही, सामायिक मालकीची आहे आणि राज्य तिचे विश्वस्त आहे. दृश्य आणि इतिहास यांना हवा-पाण्याच्या पंक्तीला बसवणारी अशी वाक्ये राज्यघटनांत फार थोड्या ठिकाणी सापडतात.

शॅप सरकारने त्याच जुलैमध्ये, शाई पुरती वाळली नसलेल्या त्या कलमाच्या आधारे, मनोरा थांबवण्यासाठी ॲडम्स काउंटीच्या न्यायालयात धाव घेतली. या कलमाची ती पहिली मोठी कसोटी होती. न्यायालयाने दोन्ही बाजूंचे साक्षीदार ऐकले आणि नुकसान स्पष्ट व खात्रीलायक पुराव्याने सिद्ध झालेले नाही असे ठरवले. वरच्या न्यायालयाने ते कायम केले. १९७३ मध्ये प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात पोचले तेव्हा प्रश्न आणखी मुळाशी गेला. हे कलम आपल्या बळावर लागू होते, की विधिमंडळाने आधी कायदा करून त्याचे निकष ठरवायला हवेत? मुख्य निकालपत्राने दुसरी बाजू घेतली. त्यामागचे कारण उडवून लावण्यासारखे नाही. आपल्या जमिनीवर काय बांधता येईल हे मालकाला आधी कळायला हवे. ‘सौंदर्यविषयक मूल्य’ एवढ्या ढोबळ शब्दावर सरकारने ऐनवेळी काम थांबवले, तर उद्या कोणाचेही थांबवता येईल. पण या मुद्द्यावर न्यायाधीशांचे बहुमत झाले नाही. दोघांनी कलम आपोआप लागू होते असे मानूनही पुराव्याअभावी निकालाला दुजोरा दिला, तर दोघे उघडपणे विरोधात गेले. असा विस्कळीत कौल मिळूनही व्यवहारात एकच अर्थ निघाला. मनोरा होणार.

२९ जुलै १९७४ रोजी तो लोकांसाठी खुला झाला.

वर गेल्यावर काय दिसत असे? सगळेच, आणि नेमका तिथेच मनोऱ्याच्या मूळ युक्तिवादाला तडा जातो. ३ जुलै १८६३ ची दुपार घ्या. पिकेटचा हल्ला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चढाईत दक्षिणेचे सुमारे १२,५०० सैनिक सेमिनरी रिजवरून निघाले आणि एक-सव्वा किलोमीटरच्या उघड्या शेतातून सेमेटरी रिजकडे चालत गेले. ते शेत वरवर सपाट वाटते, पण तसे नाही. त्यात लवणे आहेत, हलके उंचवटे आहेत. चालणारी रांग काही पावले खोलगटात लपते, पुन्हा तोफांसमोर उघडी पडते. मधे एमिट्सबर्ग रस्त्याची भक्कम कुंपणे आडवी येतात. तिथे माणसे थबकली आणि पडली. त्या दिवशी कोण का वाचले आणि कोण का मेले, हे या चढउतारांवर अवलंबून होते. ३०० फुटांवरून हे चढउतार दिसत नाहीत. वरून सगळी जमीन सतरंजीसारखी सपाट होते आणि सेनापतीच्या नकाशासारखी दिसू लागते. सैनिकाची नजर हरवते. गेटिसबर्गची जमीन वाचायची तर ती पायाखालून वाचावी लागते, हे मला अगदी ठामपणे वाटते.

आणि वर जाणाऱ्यांपेक्षा न जाणाऱ्यांची संख्या नेहमीच जास्त होती. तिकीट न काढणाऱ्यालाही मनोरा बघावाच लागे. दफनभूमीतल्या कबरींमधून, स्मारकांपाशी उभे राहून, जिथून पाहाल तिथून तो क्षितिजावर. एकाच्या विक्रीसाठी सगळ्यांच्या नजरेची किंमत मोजली जात होती, आणि ती किंमत कोणाच्याही ताळेबंदात नव्हती.

सुटका हळूहळू आली. १९९० मध्ये अमेरिकी काँग्रेसने उद्यानाची हद्द कायद्याने वाढवली आणि मनोऱ्याची जागा हद्दीत आली. १९९९ मध्ये संघराज्याच्या जमिनी आणि उद्याने ज्यांच्या अखत्यारीत येत, त्या इंटिरियर खात्याचे मंत्री ब्रूस बॅबिट यांनी मनोरा हटवण्याचा शब्द दिला. मालकाशी सौदा जमला नाही तेव्हा सरकारने सक्तीच्या भूसंपादनाचा मार्ग घेतला. सार्वजनिक कामासाठी खासगी मालमत्ता घेता येते, पण न्याय्य भरपाई द्यावीच लागते, असे अमेरिकेच्या राज्यघटनेची पाचवी दुरुस्ती सांगते. जून २००० मध्ये संघराज्याच्या न्यायालयाने ताबा दिला. १९७१ मध्ये झोनिंगच्या एका नियमाने जे थांबवता आले असते, त्यासाठी आता जनतेने पैसे मोजले.

पाडण्याचा दिवस निवडला गेला ३ जुलै २०००, पिकेटच्या हल्ल्याचा वर्धापनदिन. कंट्रोल्ड डिमॉलिशन या मेरीलँडच्या कंपनीने, म्हणजे लोइझो कुटुंबाने, हे काम मोबदला न घेता केले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये त्यांनी सिएटलचे किंगडोम स्टेडियम पाडले होते. संध्याकाळी पाचच्या सुमारास युद्धाचे पुनरभिनय करणाऱ्या मंडळींनी जुन्या बनावटीच्या तोफा डागल्या, त्यापाठोपाठ आधारांना लावलेली स्फोटके उडाली आणि काही सेकंदांत तो पीळदार सांगाडा जमिनीवर आला.

मनोरा गेला, पण १९७३ च्या निकालाची सावली उरली. त्यानंतर कित्येक दशके त्या सत्ताविसाव्या कलमाला पेन्सिल्व्हेनियाची न्यायालये जपूनच हात लावत. डिसेंबर २०१३ मध्ये नैसर्गिक वायूच्या उत्खननाविषयीच्या रॉबिन्सन टाउनशिप खटल्यात मुख्य न्यायाधीश रोनाल्ड कॅस्टिल यांच्या निकालपत्राने त्या कलमात पुन्हा जीव भरला. जून २०१७ मध्ये त्याच न्यायालयाने बहुमताने सांगितले की सार्वजनिक संपत्तीविषयीची राज्याची विश्वस्त म्हणून जबाबदारी थेट घटनेतून येते. मनोरा थांबवण्यासाठी १९७१ मध्ये ज्या वाक्यांचा आधार मागितला होता, ती वाक्ये तेव्हा कुठे पुरती बोलू लागली.

राज्य हे विश्वस्त आहे, ही कल्पना आपल्याकडेही पोचली आहे. जोसेफ सॅक्स या अमेरिकन कायदेपंडितांनी १९७० मध्ये या सिद्धान्तावर लिहिलेला निबंध आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ च्या एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या निकालात आधाराला घेतला. बियास नदीकाठी हिमाचल प्रदेशात एका मोटेलला दिलेल्या जमिनीचा तो खटला होता. नदी, किनारा, जंगल ही सरकारची मालमत्ता नसून लोकांची ठेव आहे, असे न्यायालयाने त्यात म्हटले. दृश्य आणि इतिहास या ठेवीत बसतात का, यावर मात्र आपल्याकडे फारसा विचार झालेला नाही, आणि तो व्हायला हवा.

गेटिसबर्गची गोष्ट इथे पूर्ण होत नाही. ओटेनस्टाइन यांचा मनोरा पाडणाऱ्या उद्यान सेवेचीच एक इमारत रणभूमीच्या थेट मध्यावर उभी होती. रिचर्ड नॉयट्रा या नामवंत वास्तुकाराची, १९६२ ची. तिच्यासाठी युद्ध खात्याचा एक जुना निरीक्षण मनोरा हटवण्यात आला होता. ती वाचवण्यासाठी आधुनिक वास्तुकलेचे जाणकार न्यायालयापर्यंत गेले, आणि २०१३ मध्ये तीही पाडली गेली. त्या भांडणात दोन्ही बाजूंना जतनवादी होते. पुढच्या भागात तिच्याविषयी.