पॅनेलमागचा नट कोण धरणार?

बर्ट रुटान यांचं लाँग-ईझी विमान १९७९ मध्ये पहिल्यांदा उडालं. त्याचे आराखडे विकत घेऊन अनेक हौशी लोकांनी ते घरच्या गॅरेजमध्ये बांधलं. फोमचा गाभा, वरून काचतंतूंचं कापड आणि इपॉक्सी. समजा, असं विमान तुम्ही बांधताय आणि मीटरांचं पॅनेल काचतंतूंच्या चौकटीवर बसवायचंय. ते कायमचं चिकटवून चालत नाही. मागची वायर तपासायची तर पॅनेल निघालं पाहिजे. म्हणजे स्क्रू आले. पण चौकटीमागे हात पोचत नाही, मग नट कोण धरणार?

चौकटीलाच आटे पाडावेत, हे पहिल्यांदा सुचतं. एम-४ स्क्रूच्या दोन आट्यांमधलं अंतर ०.७ मिमी. चौकट दीड मिमी जाड धरली तर जेमतेम दोन आटे मिळतात. त्यात टॅप तंतूच कापतो, उरतं ठिसूळ इपॉक्सी. चार-पाच वेळा उघडझाप केली की भुसा!

पत्र्याच्या विमानात नटप्लेट वापरतात, म्हणजे दोन कान असलेला नट, मागून रिव्हेटने पक्का केलेला. काचतंतूंत मात्र रिव्हेट ठोकताना फुगतो आणि भोकाच्या कडेचे थर सुटू शकतात. म्हणून जुगाड असा: नटप्लेट ॲल्युमिनियमच्या छोट्या तुकड्यावर रिव्हेट करायची आणि तो तुकडा चौकटीच्या मागून इपॉक्सीने चिकटवायचा.

गोंदावर विमानाचं पॅनेल? थांबा, आधी बलं बघू. स्क्रू आवळला की तो तुकड्याला चौकटीकडेच ओढतो, म्हणजे गोंद दाबला जातो. गोंदाचं खरं काम एकच, नटला फिरू न देणं. तुकडा २० मिमी चौरस आणि पिळाचं बल १ न्यूटन-मीटर धरा (भोक सोडून देऊ). कोपऱ्यात शिअर ताण येतो साधारण अर्धा मेगापास्कल. नीट तयार केलेल्या पृष्ठभागावर चांगलं इपॉक्सी १० मेगापास्कलच्या वर सहज तग धरतं.

सगळी मेख त्या 'नीट तयार केलेल्या'मध्ये आहे. ॲल्युमिनियमला बोटाचं तेल लागलं असेल तर वरचं गणित विसरा. तुकडा सुटला की नट मागे गरगर फिरतो, स्क्रू ना आत जातो ना बाहेर येतो. मग ड्रिल करा, आणि चुरा पडतो वायरींवर. मोकळा नट कंट्रोलच्या जोडणीत अडकला तर प्रकरण पॅनेलपुरतं राहत नाही. त्यामुळे दोन्ही बाजू पॉलिश पेपरने घासा, ॲसिटोनने पुसा, आणि आट्यांत इपॉक्सी शिरू नये म्हणून मेण लावलेल्या स्क्रूने तुकडा सुकेपर्यंत धरून ठेवा. पुढे कधीही स्क्रू घालताना समोरून जोर देऊ नका. गोंद शिअरला दणकट असतो, सोलण्याला कच्चा.

चौकट कार्बन तंतूंची असेल तर मध्ये काचतंतूंचा एक थर हवाच, नाहीतर ओलाव्यात ॲल्युमिनियम गंजतं. होकायंत्राजवळ स्क्रू पितळी घ्या. आणि ही युक्ती पॅनेलपुरतीच. पंखाच्या बोल्टला किंवा इंजिनाच्या उष्णतेत ती चालत नाही.

खऱ्या चौकटीला हात लावण्याआधी टाकाऊ तुकड्यावर एक नमुना चिकटवा आणि सुकल्यावर मुद्दाम उपटा. इपॉक्सी ॲल्युमिनियमवरून स्वच्छ सुटलं, की काचतंतूंचा थर सोबत आला? स्वच्छ सुटलं असेल तर घासणं-पुसणं पुन्हा पहिल्यापासून.