1,32,000 खुर्च्या, एक चेंडू

वानखेडेवर सुमारे 33,000 माणसं मावतात. अहमदाबादच्या मोटेरातल्या नरेंद्र मोदी स्टेडियममध्ये 1,32,000. सरळ चौपट! खुर्चीमागे अर्धा मीटर धरून या सगळ्या खुर्च्या सीएसएमटीपासून रुळांच्या कडेनं एका रांगेत मांडत गेलं, तर शेवटची खुर्ची पार बदलापूरजवळ जाऊन टेकेल.

इतक्या माणसांना बसवणं एक वेळ जमेल, पण त्या सगळ्यांना सात सेंटिमीटरचा तो एकच चेंडू दिसायला हवा. वरच्या मजल्यावर खेळपट्टीपासून 120 मीटरवर बसलेल्याला तो पौर्णिमेच्या चंद्राच्या पंधराव्या हिश्श्याएवढा दिसतो. उघड्या डोळ्याला जेवढं बारीक दिसू शकतं, त्याच्या जेमतेम दुप्पट. त्यात बॅटचा आवाज त्याच्यापर्यंत पोचायला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो, म्हणजे आधी फटका दिसतो आणि मग ऐकू येतो. अशा वेळी मध्ये एखादा खांब आला की संपलंच. म्हणून इथे नजरेआड येणारा खांबच नाही. प्रकाशझोतांचे उंच मनोरेही नाहीत. एलईडी दिवे छताच्या कडेनं गोल फिरवले आहेत.

मला सर्वांत भावतं ते हे छत. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात अहमदाबादेतल्या इमारती कोसळल्या होत्या. त्याच शहरात लाखावर माणसांच्या डोक्यावर छत धरायचं होतं. ‘पॉप्युलस’च्या वास्तुरचनाकारांनी ते हलकं, ताणलेल्या कापडी आवरणाचं केलं आणि प्रेक्षकांच्या सज्जांपासून वेगळं ठेवलं, म्हणजे हादरा बसला तरी दोन्ही आपापले डोलतील. बांधकाम लार्सन अँड टुब्रोचं, जागा 63 एकर, खर्च सुमारे 800 कोटी. याच जागेवरच्या जुन्या स्टेडियममध्ये 1987 साली सुनील गावस्करांनी कसोटीतली 10,000वी धाव घेतली होती. ते पाडून उभारलेल्या या नव्या वास्तूत 29 मे 2022 रोजी आयपीएलच्या अंतिम सामन्याला 1,01,566 प्रेक्षक आले आणि गिनीज बुकात नोंद झाली.

मुख्य खेळपट्ट्या अकरा : सहा तांबड्या मातीच्या, पाच काळ्या. सरावाच्या खेळपट्ट्यांनाही याच दोन प्रकारची माती. मैदानाची त्रिज्या 75 मीटर धरली, तर एक सेंटिमीटर पावसात त्यावर पावणेदोन लाख लिटर पाणी पडतं. ते ओढून घ्यायला जमिनीखाली निचऱ्याची यंत्रणा आहे.

तरी 2023 च्या आयपीएल अंतिम सामन्यात पावसानं गाठलंच. 28 मे वाया गेला. राखीव दिवशी चेन्नईच्या डावाचे तीनच चेंडू पडले आणि पुन्हा सर आली. ती लवकर थांबली, पण बाजूच्या सरावाच्या खेळपट्टीवरचा चिखल काही वाळेना. कर्मचारी स्पंजांनी पाणी टिपत होते, आणि हजारो माणसं मध्यरात्र उलटेपर्यंत जागची हलली नाहीत. रात्री 12 वाजून 10 मिनिटांनी खेळ सुरू झाला. चेन्नईला पंधरा षटकांत 171 धावा हव्या होत्या. शेवटच्या दोन चेंडूंवर 10 उरल्या, आणि जडेजानं षटकार मारला, मग चौकार.