रोजा, साखर आणि शरीराची घंटा

असरच्या नमाजनंतर इफ्तारपर्यंतचा वेळ दिवसातला सगळ्यात लांब वाटतो. विजापूर वेशीत फळांच्या गाड्यांभोवती गर्दी झालेली असते, घरात भजी तळायची तयारी चाललेली असते आणि एखाद्या रोजेदाराचा चेहरा उतरलेला दिसतो. हात थरथरतात, कपाळावर घाम येतो, बोलण्यात चिडचिड येते. घरातली माणसे म्हणतात, ‘आज रोजा लागला.’

बहुतेक वेळा ते खरेही असते. तहान लागलेली असते, झोप अपुरी झालेली असते, पहाटेपासून चहा मिळालेला नसतो. पण त्या माणसाला मधुमेह असेल आणि तो इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेत असेल, तर या थरथरीचा अर्थ वेगळा असू शकतो. रक्तातली साखर घसरली आहे, असे शरीर ओरडून सांगत असते.

चमचाभर साखरेचा हिशेब

मोठ्या माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते जेमतेम ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. एकटा मेंदूच तासाला साधारण तेवढी साखर खर्च करतो. सोलापुरात ऋतूनुसार रोजा साधारण १२ ते साडेचौदा तासांचा असतो. मग ही चमचाभर साखर पुरते कशी?

ती पुरवते यकृत. सहेरीचे जेवण पचून गेले की इन्सुलिन कमी होते आणि स्वादुपिंडातून ग्लुकागॉन नावाचे दुसरे हार्मोन वाढते. त्याच्या सांगण्यावरून यकृत आपल्या कोठारातली साखर थोडीथोडी रक्तात सोडते. म्हणून निरोगी माणसाची साखर दिवसभराच्या रोज्यात सहसा धोक्याच्या पातळीला जात नाही.

तरीही साखर घसरू लागली, तर शरीर एकामागून एक पहारेकरी उठवते. प्रत्येकाच्या बाबतीत थोडा फरक पडतो, पण ढोबळ क्रम असा : साखर ८० मिलिग्रॅमच्या आसपास आली की इन्सुलिन आखडते. ७० ते ६५ च्या दरम्यान ग्लुकागॉन आणि ॲड्रेनलिन धावून येतात. ५५ च्या आसपास माणसाला त्रास जाणवू लागतो. ५० च्या खाली मेंदूचे काम बिघडते. शब्द अडखळतात, माणूस भलतेच बोलतो, झोपाळतो.

यातले ॲड्रेनलिन म्हणजे भीतीचे हार्मोन. अंधारात कुत्रे अंगावर आले की छाती धडधडते, हातपाय कापतात, ते याच्यामुळे. साखर घसरली की दोन्ही मूत्रपिंडांवर बसलेल्या छोट्या ग्रंथी तेच सोडतात. ते यकृताला साखर सोडायला लावते आणि माणसाला धडधडीने, थरथरीने, भुकेने जागे करते. याच ग्रंथींतून येणारे कॉर्टिसॉल हे ताणाचे दुसरे हार्मोन. त्याची चाल संथ असते. स्नायूंकडून होणारा साखरेचा खर्च कमी करणे आणि यकृतात नवी साखर तयार व्हायला मदत करणे, हे त्याचे काम. परिणाम दिसायला काही तास लागतात. तातडीची मदत ॲड्रेनलिनची, लांबचा पहारा कॉर्टिसॉलचा.

म्हणजे ती थरथर अशक्तपणाची खूण नाही आणि ईमान कमी पडल्याचीही नाही. ती शरीराची घंटा आहे.

बंद न होणारा नळ

मधुमेहात ही व्यवस्था दोन ठिकाणी अडते. पहिली अडचण औषधाची. सुईने घेतलेले इन्सुलिन साखर कमी झाली म्हणून थांबत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड अशा गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडतात. पोटात अन्न आहे की नाही, हे त्या पाहत नाहीत. नळ उघडाच राहतो. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्यांना हा धोका फार कमी असतो.

दुसरी अडचण पहारेकऱ्यांची. टाइप १ मधुमेहात आणि बरीच वर्षे इन्सुलिनवर असलेल्या टाइप २ च्या रुग्णांत, साखर घसरली तरी ग्लुकागॉन वाढत नाही. मग सगळा भार ॲड्रेनलिनवर येतो.

घंटाच वाजली नाही तर?

आणि तेही थकते. अमेरिकेतल्या सेंट लुईस इथे सायमन हेलर आणि फिलिप क्रायर या डॉक्टरांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग प्रत्येक रोजेदाराच्या घरात माहीत असायला हवा. त्यांनी मधुमेह नसलेल्या निरोगी माणसांची साखर दुपारी मुद्दाम खाली आणली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा खाली आणली. दुसऱ्या वेळी ॲड्रेनलिन कमी सुटले आणि त्रासही कमी जाणवला. साखर मात्र खरोखरच घसरलेली होती. एकदाच वाजलेल्या घंटेचा आवाज दुसऱ्या दिवशी बसलेला होता.

आता हे रमजानला लावून पाहा. पहिल्या रोज्याला दुपारी अब्बांना घाम फुटतो. दुसऱ्या दिवशी जरा कमी. पाचव्या दिवशी अब्बा म्हणतात, ‘आता सवय झाली, काही होत नाही.’ घरातले निर्धास्त होतात. निरोगी माणसाच्या बाबतीत ती सवय असेलही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्याच्या बाबतीत ‘काही होत नाही’ याचा अर्थ घंटा बंद पडली, असाही असू शकतो. मग थरथरीचा इशारा न देता साखर थेट मेंदूला गाठते आणि माणूस वजू करता करता किंवा मोटारसायकलवर कोसळतो.

रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी दिल्या जाणाऱ्या बीटा-ब्लॉकर गटातल्या गोळ्याही धडधड आणि थरथर झाकतात. घाम मात्र त्यांनी थांबत नाही. पण आपल्या गावात उन्हाळा लागल्यावर, यंत्रमागाच्या पत्र्याच्या शेडमध्ये, घाम कोणाला येत नाही? जो इशारा उरतो, तोही इथे उकाड्याच्या नावावर जातो.

दिलासा एवढाच की, साखर घसरू न देता दोन-तीन आठवडे काढले, तर बऱ्याच जणांची घंटा पुन्हा वाजू लागते. म्हणून ही काळजी रमजानच्या आधीपासूनच घ्यायची असते.

आकडे काय सांगतात

२००१ च्या रमजानमध्ये भारतासह १३ देशांतल्या १२ हजारांहून अधिक मधुमेही मुस्लिमांची पाहणी झाली. ‘एपिडायर’ या नावाने ती ओळखली जाते. टाइप २ मधुमेह असलेल्यांपैकी ७९ टक्के लोकांनी किमान १५ रोजे ठेवले होते. साखर धोकादायकरीत्या घसरण्याचे प्रमाण टाइप १ मध्ये सुमारे पावणेपाच पट आणि टाइप २ मध्ये साडेसात पट वाढले. टाइप २ मध्ये हा आकडा दरमहा १०० जणांमागे ०.४ वरून ३ वर गेला. म्हणजे बहुतेकांना असे काही झाले नाही. पण ज्यांना झाले, त्यांच्या घरच्यांना ही टक्केवारी काय सांगणार?

आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात १० कोटींवर लोकांना मधुमेह आहे. गल्लीतल्या कोणत्याही दस्तरख्वानावर एखादा तरी असणारच.

दीन काय म्हणतो, डॉक्टर काय म्हणतात

इथे दोघांत भांडण नाही. रोजे फर्ज करणाऱ्या सूरह बकराच्या त्याच आयतींमध्ये आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत दिलेली आहे. राहिलेले रोजे नंतर पूर्ण करता येतात. ज्याला ते कधीच जमणार नाहीत, त्याच्यासाठी फिदया आहे, म्हणजे प्रत्येक रोज्यामागे एका गरजूला जेवू घालणे. अल्लाहने दिलेली सवलत घेण्यात कमीपणा कसला?

डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही स्पष्ट आहेत. रमजानच्या आधी डॉक्टरांना भेटून गोळ्यांची आणि इन्सुलिनची मात्रा व वेळ बदलून घ्यावी. स्वतःच्या मनाने बदलू नये. रोज्यात ग्लुकोमीटरने साखर तपासत राहावी. बोटाला सुई टोचल्याने रोजा तुटत नाही. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर रोजा तिथेच तोडावा. ‘मगरीबला अर्धाच तास राहिला’ हा हिशेब करू नये; तो अर्धा तासच महागात पडतो.

साखर घसरली असेल, तर पाण्यात तीन चहाचे चमचे साखर विरघळवून प्यायला द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, अजून कमी असेल तर पुन्हा द्यावी. माणूस बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालू नये. १०८ ला फोन करावा.

हे सगळे फक्त रोजेदारांपुरते नाही. आषाढीची एकादशी निर्जळी करणारी आजी, नवरात्रात नऊ दिवस उपवास धरणारी वहिनी, पर्युषणात पाण्यावर राहणारे शेजारी, यांच्या रक्तातली साखर आणि ॲड्रेनलिन याच नियमाने चालतात. गोळी घेऊन जेवण टाळले की धोका तोच.

आणखी एक गोष्ट आपल्या हिंदू, जैन, लिंगायत मित्रांसाठी. कारखान्यात, दुकानात, ऑफिसात शेजारी बसणारा मधुमेही रोजेदार अचानक गोंधळल्यासारखा बोलू लागला, घामाने चिंब झाला, तर त्याचा रोजा मोडेल या संकोचाने थांबू नका. शुद्धीवर असेल तर साखरपाणी पुढे करा आणि तो नको म्हणाला तरी आग्रह करा. साखर फार खाली गेली की ‘नको’ म्हणणारा मेंदूच ठिकाणावर नसतो. राहिलेला रोजा रमजाननंतर पुन्हा ठेवता येतो.