एका सेकंदाचे आठ सेकंद

बालमित्रांनो, पाण्याने भरलेल्या बादलीत लिंबू टाकून पाहिलंय कधी? 'डुबुक' असा आवाज होतो, थोडं पाणी उडतं आणि संपलं! पण त्या 'डुबुक'मध्ये कितीतरी गोष्टी दडलेल्या असतात. लिंबू आत शिरताच पाण्यात खळगा पडतो. त्याच्या कडेने पाण्याचा मुकुट उभा राहतो. मग खळगा मिटतो आणि मधूनच पाण्याचा एक बारीक खांब वर उसळतो. हे सगळं आपल्या डोळ्यांदेखत घडतं. पण इतक्या झटकन, की आपल्याला पत्ताच लागत नाही.

आई-बाबांच्या मोबाईलमध्ये 'स्लो मोशन' नावाची सोय असेल, तर ही गंमत तुम्हाला दिसू शकेल. ती कशी, ते समजून घ्यायला आधी थोडं मागे जाऊ या.

शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर नावाचे कलावंत होते. त्यांनी चक्क इथेच, आपल्या हातांनी सिनेमाचा कॅमेरा तयार केला! पुढे त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' हा मूकपट १९२० साली पडद्यावर आला. त्या काळचे कॅमेरे हाताने दांडी फिरवून चालवत. सेकंदाला साधारण दोन फेरे आणि प्रत्येक फेऱ्याला आठ चित्रं, म्हणजे सेकंदाला सोळा चित्रं. आता समजा, दांडी दुप्पट वेगाने फिरवली, तर? सेकंदाला बत्तीस चित्रं निघणार. ती पडद्यावर नेहमीच्याच वेगाने दाखवली, की एका सेकंदाची घटना दोन सेकंद चालणार. हीच स्लो मोशन!

तुमचा मोबाईल नेमकं हेच करतो, फक्त त्याला दांडी नसते. बऱ्याच फोनमध्ये सेकंदाला २४० चित्रं घेता येतात. ती सेकंदाला ३० या वेगाने दाखवली, तर २४० भागिले ३० म्हणजे एका सेकंदाचे आठ सेकंद होतात. सव्वा मीटर उंचीवरून सोडलेलं लिंबू खाली यायला जेमतेम अर्धा सेकंद लागतो. तेच आता चार सेकंद खाली येत राहील.

एक ध्यानात ठेवा, हा प्रयोग उजेडात करायचा. सेकंदाला २४० चित्रं, म्हणजे एका चित्राला सेकंदाचा २४० वा भागच मिळणार. तेवढ्यात पुरेसा प्रकाश आत यायला हवा ना? शिवाय आपल्या घरची वीज दिव्यांना सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त करते. एरवी ते कळत नाही, पण स्लो मोशनमध्ये काही दिव्यांखाली चित्र लुकलुकतं. म्हणून सकाळचं अंगण सर्वांत बरं. फोन पुस्तकांच्या ढिगाला नीट टेकवून ठेवा, आणि बादलीपासून लांब!

आमच्या शाळेच्या मैदानात मागे दोन मुलांची कुस्ती लागली. कोल्हापूरच ते! सगळी पोरं ओरडली, "चितपट, चितपट!" खाली पडलेला मुलगा मात्र रडवेला होऊन म्हणत होता, "नाही टेकली पाठ!" मी नेमकं चित्रण घेत होते. हळू करून पाहिलं, तर त्याचा एकच खांदा मातीला लागला होता, दुसरा अधांतरीच! "बाई, मी म्हणत नव्हतो का?" तो म्हणाला. सगळ्या वर्गाने पाहिलं होतं, आणि सगळा वर्ग चुकला होता.

पण हळू पाहण्याचा खरा उपयोग मला आधीच कळला होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला. राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फूट ही धोक्याची पातळी. पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. माझी आत्या शिरोळ तालुक्यात राहते. गाव सोडा, असा निरोप आला होता. सामान बांधून झालं, तोच तिच्या फोनवर एक व्हिडिओ आला. कुठलासा पूल कोसळत होता आणि खाली लिहिलं होतं, 'तुमच्याच रस्त्यावरचा पूल गेला.' घाबरून सगळी घरीच बसली. आत्याने तो व्हिडिओ मला पाठवला. मी तो हळू वेगाने पुन्हा पुन्हा पाहिला. अशाने नवीन चित्रं काही मिळत नाहीत, पण थांबून बघता येतं. कडेला एका दुकानाची पाटी दिसली. तिच्यावरची लिपी ना मराठी, ना कन्नड! मग नकाशावर आत्याच्या रस्त्यावरच्या पुलाची लोकांनी टाकलेली छायाचित्रं उघडली. कठडा वेगळा, खांब वेगळे. मी लगेच फोन केला. काकांनी ग्रामपंचायतीत विचारलं, तर रस्ता चालू होता. मंडळी अंधार पडायच्या आत सुखरूप बाहेर पडली.

तेव्हा, मित्रांनो, नकाशावर कुणी टाकलेला व्हिडिओ पाहाल, तेव्हा छोटे गुप्तहेर व्हा. पाटीवर काय लिहिलंय? सावली कुणीकडे पडलीय? सकाळी ती पश्चिमेकडे असणार. तारीख कोणती? रंकाळ्याचा व्हिडिओ म्हणतात, पण तो रंकाळाच आहे का?

आता एक काळजीची गोष्ट. फोन उपग्रहांचे संदेश ऐकून आपली जागा ठरवतो. त्याला किमान चार उपग्रह लागतात. कॅमेऱ्यातली 'लोकेशन'ची सोय चालू असेल, तर अक्षांश-रेखांश व्हिडिओबरोबरच साठवले जातात. कोल्हापूर सुमारे १६.७ अंश उत्तर आणि ७४.२ अंश पूर्व इथे आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. दशांशचिन्हापुढे एकच आकडा दिला, तर जागा ११ किलोमीटरच्या अंदाजाने कळते. पण पाच आकडे दिले, तर जेमतेम एका मीटरच्या! म्हणजे थेट तुमचा उंबरठा. आमच्या वर्गातल्या एका मुलाने मांजराच्या उडीचा झकास व्हिडिओ नकाशावर टाकला, आणि खूण पडली बरोब्बर त्याच्या घरावर. त्याच्या आईने तो लगेच काढून टाकला, हे फार बरं केलं.

म्हणून घरी चित्रण करताना लोकेशन बंद ठेवा. बागेचं, मैदानाचं चित्रण असेल, तरी आई-बाबांना दाखवूनच पाठवा आणि त्यात दिसणाऱ्यांना आधी विचारा. पालकांनो, पहिल्यांदा मुलांच्या शेजारी बसून ही सोय तुम्हीच तपासा बरं का!

चला तर, या रविवारी बादली, लिंबू आणि फोन घेऊन अंगणात या. पाण्याचा मुकुट आधी उभा राहतो की मधला खांब, ते मी वर सांगितलंच आहे. पण माझ्यावर विश्वास ठेवू नका. हळू करून स्वतः बघा!