तेलवाहू महानौका

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. त्या विस्तारात जेमतेम चार 'सीवाइज जायंट' टोकाला टोक लावून मावल्या असत्या. कारण ही तेलवाहू नौका ४५८ मीटर लांब होती. समुद्र न पाहिलेल्या वऱ्हाडकराला यापरते सोपे माप सापडणे कठीण.

आरंभी राकेल डब्यांत आणि डबे लाकडी खोक्यांत घालून जहाजांतून येत असे. १८९२ साली 'म्युरेक्स' ही नौका पोटातील टाक्यांत मोकळे तेल भरून सुएझ कालव्यातून पूर्वेकडे गेली व तो सारा खटाटोप वाचला. पुढे गणिताने जोर केला. नौकेची लांबी, रुंदी व खोली दुप्पट केली, की पोलाद सुमारे चौपट लागते. तेल मात्र आठपट मावते! त्यात १९६७ ते १९७५ पर्यंत सुएझ बंद राहिला. आफ्रिकेला वळसा घालावयाचा, तर खेप मोठी असल्यावाचून परवडेना.

परंतु समुद्राचा तळ व्यापाऱ्याच्या हिशेबाने खोल होत नाही. भरलेली 'सीवाइज जायंट' साडेचोवीस मीटर पाण्यात बुडे. सुएझ तिला बंद, पनामा बंद. मुंबईच्या जवाहर द्वीपाच्या धक्क्यालाही तेवढे पाणी नाही. अशी नौका फुटल्यास काय होते, ते १९७८ साली फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्याने भोगले. 'अमोको कादिझ'मधून दोन लाख टनांहून अधिक तेल समुद्रात सांडले.

'सीवाइज जायंट' १९८८ साली इराकी हल्ल्यात जळाली, दुरुस्त झाली, नावे पालटीत राहिली आणि २०१० साली गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर तोडली गेली. तिचा ३६ टनांचा नांगर तेवढा हाँगकाँगच्या सागरी संग्रहालयाला मिळाला.