खुणेवरून डबीपर्यंत: लेटरबॉक्सिंग

सुरुवात : 1854, इंग्लंडचं डार्टमूर. वाटाड्या जेम्स पेरॉटने क्रॅनमिअर पूल या दुर्गम जागी बाटली ठेवली. पोहोचणारे त्यात आपलं कार्ड टाकत.

डबीत काय : खेळ असा : एकाने लपवलेली डबी इतरांनी खुणेवरून शोधायची. तिच्यात रबरी शिक्का आणि छोटी वही. डबीतला शिक्का आपल्या वहीत, आपला शिक्का डबीतल्या वहीत. बक्षीस नाही, फक्त ठसा. 2000 साली सुरू झालेल्या जिओकॅशिंग या अशाच खेळाला जीपीएस लागतं; इथे होकायंत्र आणि डोकं पुरतं.

खूण कशी : ‘पारापासून उत्तरेला चाळीस पावलं, मग दुभंगलेल्या खडकाची उजवी फट.’

आपल्याकडे : जुना आणि नवा जालना यांच्यामधून कुंडलिका वाहते. मुलांना आपली नदी पायी ओळखायची असेल, तर तिच्या काठाने असा खेळ जरूर मांडावा.

पथ्यं : झाकण घट्ट लावा, डबी होती तिथेच ठेवा. जालन्यातल्या मस्तगडासारख्या जुन्या वास्तूंच्या भिंतींत काही खुपसू नका. फटीत हात घालण्याआधी काठीने चाचपा, साप-विंचू असतात. पावसाळ्यात सांदण दरीसारख्या अरुंद घळीत उतरू नका; वरच्या अंगाला पाऊस झाला की पाणी अचानक चढतं.