इंग्रजीचा पहिला पंधरवडा

जूनच्या मध्यास शाळा उघडतात आणि नुकतीच नेमणूक मिळालेला इंग्रजीचा शिक्षक सहावी-सातवीच्या वर्गापुढे उभा राहतो. त्याच्या हाती पाठटाचणाची वही असते. हेतू, प्रस्तावना, विवेचन, गृहपाठ हे रकाने अध्यापक विद्यालयात शिकविल्याबरहुकूम भरलेले असतात. समोरच्या मुलांना आज काय येते, याची नोंद मात्र तीत कोठेच नसते.

पूर्वी मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून सुरू होई, तेव्हा सारा वर्ग मुळाक्षरांपासून आरंभ करणार एवढे तरी गृहीत धरता येई. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आले आणि ते गृहीत मोडले. सहावीतील मूल कागदोपत्री पाच वर्षे इंग्रजी शिकलेले असते. प्रत्यक्षात एखादे सबंध उतारा वाचते, तर शेजारचे फळ्यावरील अक्षरे चित्रासारखी उतरवून घेते. अशा वर्गात पहिल्याच दिवशी पुस्तकाचे पहिले पान उघडणे म्हणजे मालाची मोजदाद न करताच दुकान मांडणे होय.

मोजदादीची साधने दूर शोधावी लागत नाहीत. २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या खडकवासल्याचेच उदाहरण घ्यावे. 'गेट', 'कॅनॉल', 'क्यूसेक', 'टीएमसी' हे शब्द येथील मुलांच्या कानांवर शाळेबाहेरच पडतात. धरणातून मुठेत किती पाणी सोडले, ही पावसाळ्यात घरोघर चालणारी चर्चा. क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. तो शब्द 'क्युबिक', 'फीट' आणि 'सेकंड' यांतून कसा आकसला, हे फळ्यावर दाखविता येते. पाणी किती हे विचारताना 'हाऊ मच' आणि दरवाजे किती हे विचारताना 'हाऊ मेनी'. व्याकरणाचा हा भेद येथे व्याख्येवाचून कळतो. शिवाय कोण बोलतो, कोण लिहितो आणि कोण मान खाली घालून बसतो, हेही शिक्षकास त्याच तासात दिसते.

आता वेळेचा हिशेब. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक ठरविला आहे. तासिका ३५ मिनिटांची धरली आणि शिक्षक मुळीच बोलला नाही, तरी प्रत्येक मुलाच्या वाट्यास एक मिनिट येते! मुलांना दोघादोघांत बोलावयास लावले, तर दहा मिनिटांत प्रत्येकास पाच मिनिटे मिळतात. वर्गात गलका होईल, तो सोसावा.

मान खाली घालणाऱ्या मुलाचे काय पणास लागले आहे, हे याच गावी कळते. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशासाठी होणाऱ्या लेखी परीक्षेच्या ९०० गुणांपैकी २०० इंग्रजीचे असतात, आणि २०२२ पासून तेथे मुलींनाही प्रवेश मिळू लागला आहे. प्रबोधिनीच्या कुंपणालगत राहूनही ती परीक्षा दूरची वाटावी, ही तफावत बारावीत निर्माण होत नाही.

अशा तयारीस वेळ लागतो. तोच कायदा शिक्षकाच्या आठवड्याचे ४५ तास मोजताना पूर्वतयारीचे तासही त्यांत धरतो. व्यवहारात मात्र तयारी ही घरी, रात्री करावयाची खासगी बाब समजली जाते आणि शाळेतील मोकळी तासिका तक्ते व माहितीपत्रके भरण्यात जाते. मुख्याध्यापकांनी पहिल्या पंधरवड्यापुरता तरी नव्या शिक्षकाकडून वार्षिक नियोजनाचा तक्ता मागू नये. त्याऐवजी प्रत्येक मुलाच्या नावापुढे 'वाचतो', 'ऐकून समजतो', 'अजून अक्षरे जुळवितो' अशी नोंद मागावी. जूनअखेर ती हाती आली, तर जुलैचे टाचण कोणासाठी लिहावयाचे हे त्यास ठाऊक असेल.